‘व्हीडीआरएल’चा अहवाल : एका शब्दावरून निष्कर्ष नको
उपदंशाच्या रक्ततपासणीत नेमके काय पाहिले जाते, नमुना कसा घेतला जातो आणि ‘रिअॅक्टिव्ह’ या शब्दाचा अर्थ काय?

गर्भवती स्त्रीची पहिली तपासणी झाली, की तिच्या हाती रक्ततपासण्यांची चिठ्ठी पडते. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, कावीळ आणि त्यांच्याच रांगेत ‘व्हीडीआरएल’ ही इंग्रजी आद्याक्षरे. इतर तपासण्या कशासाठी आहेत, हे घरातील कुणाला तरी ठाऊक असते. व्हीडीआरएलविषयी मात्र कुणी विचारत नाही आणि बहुधा कुणी सांगतही नाही. अहवाल ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ आला, तर कागद फाईलमध्ये जातो आणि विषय संपतो. पण कधीतरी त्या जागी ‘रिअॅक्टिव्ह, १:२’ असे छापून येते. तो कागद डॉक्टरांच्या आधी नवऱ्याच्या किंवा सासूच्या हाती लागतो. कुणीतरी त्या अक्षरांचा अर्थ शोधून काढतो, ‘गुप्तरोग’ हा शब्द समोर येतो आणि घरातील वातावरण एका क्षणात पालटते.

अशा वेळी दोन प्रकारची हानी संभवते. आजार नसलेल्या स्त्रीवर संशयाचा शिक्का बसतो, ही पहिली. दुसरी त्याहून गंभीर. भीतीपोटी किंवा लाजेपोटी अहवाल दडवला जातो, उपचार होत नाहीत आणि त्याची किंमत पोटातील मूल मोजते. या दोन्ही गोष्टी टाळता येण्याजोग्या आहेत. त्यासाठी ही तपासणी काय सांगते आणि काय सांगत नाही, एवढे समजून घेणे पुरेसे आहे.

रोग जुना, नावे अनेक

उपदंश म्हणजेच सिफिलिस. बोलीभाषेत याला ‘गरमी’ म्हणतात. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात ‘फिरंग रोग’ या नावाने त्याचे वर्णन आहे. पोर्तुगीज व इतर युरोपीय लोकांबरोबर तो आपल्याकडे आला, अशी समजूत त्या नावातच दडलेली आहे. युरोपातही प्रत्येक देशाने या रोगाला शेजारच्या देशाचे नाव दिले होते. दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याची ही प्रवृत्ती या आजाराइतकीच जुनी आहे.

‘ट्रेपोनेमा पॅलिडम’ हा मळसूत्रासारखा पीळदार जंतू या रोगास कारणीभूत ठरतो. बर्लिनमध्ये फ्रिट्झ शाउडिन आणि एरिक हॉफमन यांनी १९०५ मध्ये तो प्रथम पाहिला. लैंगिक संबंधातून, बाधित रक्तातून आणि आईच्या वारेतून गर्भाकडे असा त्याचा प्रसार होतो. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी (कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त ९० दिवसांनी) जननेंद्रियावर, गुदद्वाराशी किंवा तोंडात एक व्रण उठतो. तो बहुधा दुखत नाही. जांघेत अवधाण येते. काही आठवड्यांत व्रण आपोआप भरून येतो आणि रुग्ण निर्धास्त होतो. पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अंगावर, विशेषतः तळहात आणि तळपायांवर, न खाजणारे पुरळ येते. तेही उपचारांविना मावळते. त्यानंतर रोग सुप्तावस्थेत जातो. बाहेरून काहीच दिसत नाही, परंतु रक्ततपासणीत त्याची खूण सापडते. उपचार न झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश व्यक्तींमध्ये तो अनेक वर्षांनी हृदय, महारोहिणी, मेंदू, हाडे अशा अवयवांवर आघात करतो.

लक्षणे येतात आणि आपोआप जातात, हेच या आजाराचे फसवे रूप होय. म्हणूनच प्रयोगशाळेतील तपासणीला येथे इतके महत्त्व आहे.

प्रत्यक्ष जंतू पाहायचा तर

बहुतेक जीवाणू प्रयोगशाळेत पोषक माध्यमावर वाढवून ओळखता येतात. ट्रेपोनेमाच्या बाबतीत ही सोय नाही. कित्येक दशके तो सशांच्या शरीरातच जिवंत ठेवावा लागे. सशाच्या पेशींसोबत त्याला दीर्घकाळ प्रयोगशाळेत वाढवण्याची पद्धत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीही संशोधनापुरतीच. नेहमीच्या निदानासाठी तिचा उपयोग नाही.

व्रण ताजा असेल, तर जंतू थेट पाहता येतो. त्यासाठी व्रण प्रथम सलाईनमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून घेतात. येथे जंतुनाशक औषध वापरायचे नसते. ते वापरले तर ज्याचा शोध घ्यायचा, तोच मरून जातो. मग व्रणाच्या तळाशी हलकेच दाब देऊन पाझरणारा स्वच्छ द्रव काचपट्टीवर घेतात. त्यात रक्त जितके कमी, तितका नमुना चांगला. हा जंतू इतका बारीक असतो, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. पार्श्वभूमी काळी आणि जंतू उजळ दिसेल अशी ‘डार्क फील्ड’ रचना त्यासाठी लागते. शिवाय तो जिवंत व हालचाल करणारा हवा. त्यामुळे नमुना घेतल्यापासून सुमारे २० मिनिटांच्या आत तो पाहावा लागतो. नमुना एका गावात आणि सूक्ष्मदर्शक दुसऱ्या गावात, असे येथे चालत नाही. तोंडातील व्रणासाठी ही पद्धत उपयोगी नाही, कारण निरोगी माणसाच्या तोंडातही याच कुळातील निरुपद्रवी जंतू वास करतात आणि दिसायला ते सारखेच असतात.

या तपासणीत एक व्यावहारिक अडचण नेहमी येते. रुग्ण डॉक्टरांकडे येण्यापूर्वीच व्रणावर मलम लावून किंवा औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊन आलेला असतो. तसे झाले, की जंतू दिसत नाही. दिसला नाही म्हणून आजार नाही, असे मात्र म्हणता येत नाही. आता काही मोठ्या प्रयोगशाळांमध्ये व्रणातील द्रवाची पीसीआर तपासणी होते. पण ही सोय सर्वत्र नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी निदानाचा भार रक्ततपासणीवरच असतो.

निरोगी हृदयातून निघालेली चाचणी

जंतू सापडला त्याच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०६ मध्ये, ऑगस्ट फॉन वासरमन, आल्बर्ट नायसर आणि कार्ल ब्रुक यांनी उपदंशाची पहिली रक्तचाचणी मांडली. जन्मतः उपदंश असलेल्या मृत अर्भकांच्या यकृताचा अर्क त्यांनी वापरला. त्या अर्कात जंतू असतात आणि रुग्णाच्या रक्तातील प्रतिपिंडे त्या जंतूंशी संयोग पावतात, असा त्यांचा तर्क होता. थोड्याच काळात एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. बैलाच्या निरोगी हृदयाचा अर्क वापरला, तरी चाचणी तितकीच चांगली चालत होती. म्हणजे रुग्णाच्या रक्तातील ही प्रतिपिंडे जंतूविरुद्ध नव्हती, तर एका स्निग्ध पदार्थाविरुद्ध होती. मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ मध्ये हा पदार्थ हृदयाच्या अर्कातून शुद्ध स्वरूपात वेगळा केला आणि त्याला ‘कार्डिओलिपिन’ असे नाव दिले.

या शोधानंतर १९४६ मध्ये कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांच्या मिश्रणावर आधारलेली सोपी चाचणी तयार झाली. अमेरिकेतील ज्या ‘व्हेनेरियल डिसीज रिसर्च लॅबोरेटरी’त ती विकसित झाली, तिची आद्याक्षरे म्हणजेच व्हीडीआरएल. या चार अक्षरांत रोगाचे नावही नाही आणि जंतूचेही. ते एका प्रयोगशाळेचे नाव आहे.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की या चाचणीची मर्यादा त्यातच आहे. शरीरातील पेशींची नासधूस झाली, की कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडे निर्माण होऊ शकतात. उपदंशात ती होतात, तशीच इतर काही अवस्थांमध्येही होतात. व्हीडीआरएल जंतू ओळखत नाही. शरीरात काहीतरी घडले असल्याची ती वर्दी देते.

नमुना घेताना

या तपासणीसाठी हाताच्या शिरेतून सुमारे ३ ते ५ मिलिलिटर रक्त घेतात. उपाशी राहण्याची अट नसते. मात्र तेलकट जेवणानंतर लगेच घेतलेले रक्तजल दुधाळ झाले, तर चाचणी वाचणे अवघड जाते. रक्त साध्या, म्हणजे गोठू न देणारे रसायन नसलेल्या, नळीत घेतात. सुमारे अर्ध्या तासात ते गोठते. मग यंत्रात फिरवून वरचे पिवळसर रक्तजल, म्हणजेच सीरम, वेगळे केले जाते. तपासणी या रक्तजलावर होते.

नमुना बिघडण्याची कारणे साधीच असतात. ओली सिरिंज, जोराने ओढलेला दट्ट्या किंवा जोराने हलवलेली नळी, यांमुळे तांबड्या पेशी फुटतात आणि रक्तजल लालसर होते. असा नमुना नाकारून पुन्हा रक्त मागवणे, हे चांगल्या प्रयोगशाळेचे लक्षण आहे. अशा वेळी रुग्णाने त्रागा करू नये. नळीवरील नावाची चिठ्ठी रुग्णासमोरच, रक्त घेतल्या घेतल्या लावली जावी. चिठ्ठ्यांची अदलाबदल कोणत्याही तपासणीत वाईटच. येथे मात्र एका चुकीपायी दोन कुटुंबांची वाताहत होऊ शकते.

प्रयोगशाळेत रक्तजल ५६ अंश सेल्सिअस तापमानाला ३० मिनिटे तापवून घेतात. मग काचपट्टीवरील कड्यात त्याचा थेंब आणि त्याच दिवशी तयार केलेल्या प्रतिजनाचा थेंब एकत्र करून ते चार मिनिटे यंत्रावर फिरवतात आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कण एकमेकांना चिकटून गठ्ठे दिसले, तर ‘रिअॅक्टिव्ह’. ते विखुरलेलेच राहिले, तर ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’. खोलीचे तापमान २३ ते २९ अंशांच्या बाहेर गेले, तरी निकालात फरक पडू शकतो. अनेक प्रयोगशाळा आता ‘आरपीआर’ ही तिची बहीण शोभावी अशी चाचणी वापरतात. तीत कोळशाचे बारीक कण मिसळलेले असल्याने गठ्ठे नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि रक्तजल तापवावे लागत नाही.

१:२ आणि १:६४ यांतील अंतर

अहवालावरील आकडा पुष्कळांना गोंधळात टाकतो. त्याचा अर्थ सोपा आहे. रक्तजल दर वेळी दुप्पट पातळ करत जायचे आणि कितव्या पायरीपर्यंत गठ्ठे दिसतात, हे पाहायचे. १:२ म्हणजे दुप्पट पातळ केल्यावर दिसले, पुढे नाही. १:६४ म्हणजे चौसष्ट पट पातळ करूनही दिसत राहिले. आकडा मोठा, तितकी प्रतिपिंडे अधिक. दुसऱ्या अवस्थेतील, अंगावर पुरळ असलेल्या रुग्णात आकडे सहसा मोठे असतात.

या आकड्याचा खरा उपयोग उपचारानंतर होतो. १:३२ वरून १:८ वर येणे, म्हणजे दोन पायऱ्यांची किंवा चौपट घट, ही उपचार लागू पडल्याची खूण मानतात. उलट चौपट वाढ दिसली, तर पुन्हा संसर्ग झाला किंवा उपचार अपुरे पडले, असा संशय घेतात. एका पायरीचा फरक मात्र चाचणीच्या स्वाभाविक चढउतारातही येतो. म्हणून पाठपुराव्याची तपासणी शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि त्याच पद्धतीने करावी. व्हीडीआरएलचा आकडा आरपीआरच्या आकड्याशी ताडून पाहणे चुकीचे आहे. काही रुग्णांत पूर्ण उपचारांनंतरही छोटा आकडा वर्षानुवर्षे रेंगाळतो. तेवढ्यावरून आजार शिल्लक आहे, असे ठरत नाही.

खोटा होकार आणि खोटा नकार

उपदंश नसतानाही व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह येऊ शकते. मलेरिया, काही विषाणूजन्य ताप, कुष्ठरोग, ल्युपससारखे स्वप्रतिकार आजार, उतारवय आणि खुद्द गर्भारपण ही त्याची ज्ञात कारणे आहेत. अशा वेळी आकडा बहुधा १:८ किंवा त्याहून लहान असतो. मात्र छोटा आकडा म्हणजे खोटा होकारच, असा उलटा नियम लावता येत नाही. जुन्या, सुप्त उपदंशातही आकडा छोटाच असतो. म्हणून दुसरी, पुष्टी देणारी चाचणी आवश्यक ठरते.

वारंवार गर्भपात होणाऱ्या एखाद्या स्त्रीची व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह येते आणि पुष्टी देणारी चाचणी मात्र नॉन-रिअॅक्टिव्ह असते. अशा वेळी डॉक्टर रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या एका स्वप्रतिकार आजाराचाही शोध घेतात. म्हणजे खोटा होकारही कधी कधी उपयोगी माहिती देऊन जातो.

खोट्या नकाराचीही कारणे आहेत. संसर्ग नुकताच झाला असेल, तर प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो. व्रण उठल्यानंतर एक ते चार आठवड्यांनी चाचणी रिअॅक्टिव्ह होते. त्यामुळे जोखमीच्या संबंधानंतर आठवडाभरात केलेली तपासणी निर्दोष आली, तरी निश्चिंत राहता येत नाही. तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. दुसरे कारण काहीसे विचित्र आहे. प्रतिपिंडे अतोनात असतील, तर गठ्ठेच जमत नाहीत आणि चाचणी निर्दोष भासते. असे क्वचितच घडते. पण अंगावर पुरळ असूनही व्हीडीआरएल नॉन-रिअॅक्टिव्ह आली, तर डॉक्टर प्रयोगशाळेला रक्तजल पातळ करून पुन्हा पाहायला सांगतात.

दुसरी चाचणी : टीपीएचए

पुष्टी देणाऱ्या चाचण्या खुद्द जंतूविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात. त्यांपैकी ‘टीपीएचए’ आपल्याकडे अधिक परिचित आहे. जंतूतील द्रव्याचा लेप दिलेल्या लाल रक्तपेशी तीत वापरतात. व्हीडीआरएल आणि टीपीएचए दोन्ही रिअॅक्टिव्ह असतील, तर उपदंश झाला आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे. व्हीडीआरएल रिअॅक्टिव्ह आणि टीपीएचए नॉन-रिअॅक्टिव्ह असेल, तर तो बहुधा खोटा होकार. व्हीडीआरएल नॉन-रिअॅक्टिव्ह आणि टीपीएचए रिअॅक्टिव्ह असेल, तर आजार पूर्वी होऊन बरा झालेला असू शकतो किंवा अगदी प्रारंभीचा अथवा फार जुना असू शकतो. त्याचा उलगडा रुग्णाच्या पूर्वेतिहासावरून होतो.

टीपीएचए एकदा रिअॅक्टिव्ह झाली, की बहुतेकांत ती उपचारांनंतरही आयुष्यभर तशीच राहते. त्यामुळे आजार बरा झाला का, हे ठरवण्यासाठी तिचा उपयोग नाही. बोटाला टोचून पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणाऱ्या बहुतेक झटपट पट्ट्याही याच जातीच्या आहेत. दुर्गम भागात त्या वरदान ठरतात. परंतु पूर्वी उपचार घेतलेल्या व्यक्तीत पट्टी पुन्हा रिअॅक्टिव्ह आली, म्हणजे आजार परतला, असा अर्थ होत नाही.

आई आणि मूल

या तपासणीचे सर्वांत मोठे मोल गर्भारपणात आहे. आईला उपदंश असेल आणि उपचार झाले नाहीत, तर निम्म्याहून अधिक गर्भारपणांत अनिष्ट परिणाम होतो. गर्भपात, मृत मूल, अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे मूल, नवजात अर्भकाचा मृत्यू किंवा जन्मजात उपदंश यांपैकी काहीही वाट्याला येऊ शकते. जन्मतः निरोगी दिसणाऱ्या मुलातही पुढे हाडे, दात, डोळे आणि कान यांचे दोष प्रकट होऊ शकतात.

आणि यावरचा उपाय? बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन. जॉन माहोनी यांनी १९४३ मध्ये उपदंशावर पेनिसिलिनचा यशस्वी उपयोग केला. त्यानंतर आजतागायत या जंतूने त्यापुढे मान तुकवलेलीच आहे. प्रारंभीच्या अवस्थेत २४ लाख युनिटची एक मात्रा पुरते. आजार जुना असेल किंवा किती जुना हे ठरत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन मात्रा देतात. गर्भाच्या रक्षणासाठी प्रसूतीच्या किमान ३० दिवस आधी उपचार सुरू झालेले असणे आवश्यक मानले जाते. म्हणून तपासणी पहिल्याच भेटीत, शक्यतो पहिल्या तीन महिन्यांत व्हायला हवी. ‘सातव्या महिन्यात माहेरी गेल्यावर करू’ असे म्हणण्यात मोलाचा वेळ जातो. जोखीम असेल, तर शेवटच्या तिमाहीत तपासणी पुन्हा करतात.

नवजात बालकाच्या तपासणीत एक मेख आहे. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरतात. त्यामुळे बाळाची चाचणी रिअॅक्टिव्ह आली, तरी ती आईची देणगी असू शकते. म्हणून बाळाचे रक्त नाळेतून न घेता त्याच्या शिरेतून घेतात, कारण नाळेच्या रक्तात आईचे रक्त मिसळण्याचा संभव असतो. आई व बाळ दोघांचीही तपासणी एकाच पद्धतीने करून आकडे ताडून पाहतात. बाळाचा आकडा आईच्या चौपट किंवा त्याहून अधिक असेल, तर संसर्ग बाळाचा स्वतःचा, असे मानतात. एरवी बाळाची शारीरिक तपासणी, आईला मिळालेले उपचार आणि पुढील महिन्यांत उतरणारा आकडा यांवर निर्णय होतो.

आईकडून बाळाकडे होणारा एचआयव्ही आणि उपदंशाचा प्रसार संपुष्टात आणल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता क्यूबाने २०१५ मध्ये सर्वप्रथम मिळवली. २०१६ मध्ये थायलंड आणि २०१९ मध्ये आपला शेजारी श्रीलंका त्या पंक्तीत जाऊन बसला. या देशांकडे काही गुप्त औषध नव्हते. प्रत्येक गर्भवतीची वेळेवर तपासणी आणि त्याच खेपेत उपचार, एवढेच त्यांनी चिकाटीने केले.

अहवाल हाती आल्यावर

अहवाल रिअॅक्टिव्ह आला, तर पहिले पाऊल म्हणजे तो डॉक्टरांना दाखवणे आणि पुष्टीची चाचणी करून घेणे. मात्र गर्भवतीच्या बाबतीत दुसऱ्या अहवालाची वाट पाहण्यात दिवस घालवू नयेत. अनेकदा डॉक्टर संशयाचा फायदा बाळाला देऊन आधी इंजेक्शन देतात. ते योग्यच आहे. त्यापूर्वी पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास ती सांगावी. उपचारांनंतर पहिल्या २४ तासांत ताप, अंगदुखी जाणवू शकते. गर्भवतीने अशा वेळी डॉक्टरांशी लगेच संपर्क साधावा.

दुसरे पाऊल जोडीदाराच्या तपासणीचे. एकाने उपचार घेतले आणि दुसऱ्याने टाळले, तर संसर्ग फिरून परत येतो. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावेत. त्याबरोबरच एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी, कारण उपदंशाच्या व्रणामुळे एचआयव्हीच्या संसर्गाचा धोका वाढतो. सरकारी रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये तपासणी, समुपदेशन आणि उपचार मिळतात. केवळ तपासणी व्हावी म्हणून रक्तदान करणे मात्र चुकीचे आहे. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची उपदंशासाठी तपासणी सक्तीची असली, तरी नुकत्याच झालेल्या संसर्गात ती निर्दोष येऊ शकते आणि धोका ते रक्त घेणाऱ्याला होतो.

राहता राहिला प्रश्न, दोष कुणाचा? रक्ताची तपासणी हे सांगू शकत नाही. संसर्ग कुणाकडून आला, लग्नाआधी आला की नंतर, यांपैकी कशाचेही उत्तर त्या आकड्यात नसते. सुप्तावस्थेतील उपदंश वर्षानुवर्षे मूकपणे राहतो आणि पत्नीची तपासणी गर्भारपणात होते म्हणून तो प्रथम तिच्याच कागदावर उमटतो. पतीची तपासणी तोवर झालेलीच नसते. ज्याचा अहवाल आधी आला तो अपराधी, हा न्याय वैद्यकशास्त्राला मान्य नाही. अहवाल बंद पाकिटात आणि ज्याचा त्याच्याच हाती दिला जावा, ही अपेक्षा प्रत्येक रुग्णाने प्रयोगशाळेकडून ठेवावी. आणि घरातील मंडळींनी तो कागद हाती आलाच, तर आधी डॉक्टरांचे म्हणणे ऐकून घ्यावे. उपचार काही आठवड्यांत पूर्ण होतात. घाईने उच्चारलेला शब्द मात्र परत घेता येत नाही.